तिसरा टोला

१

माणसं कानाच्या बाबतीत खोटं बोलतात आणि ते त्यांचं त्यांनाच कळत नाही. मी सव्वीस वर्षं कान तपासते. बाहेरचा आवाज न येणाऱ्या लहानशा खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, की बारीकसा आवाज आला तरी दाबा. काचेच्या अलीकडे बसून मी एकेक आवाज सोडते. मध्येच काहीच सोडत नाही, नुसती बसून राहते. तरीही आतला माणूस बटण दाबतो. त्याला आवाज यायला हवा असतो, म्हणून तो येतो. मी कागदावर बारीक फुली मारते आणि तोंडानं काही बोलत नाही. उगीच कशाला कुणाला खजील करायचं?

हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकताना तुम्ही मला काय समजावणार आहात, ते मला ठाऊक आहे. मी ते रोज लोकांना समजावते.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शाफ्टमध्ये एक माणूस वर, एक खाली, मध्ये पाच-सहा मजल्यांचा अंधार. तिथे हाक मारली तर नुसती घुमते, शब्द कळत नाहीत. म्हणून त्यांची एक पद्धत होती. वरच्यानं लोखंडावर पान्यानं एक टोला मारायचा, खालच्यानं उलट एक मारायचा. खालच्याचा टोला आल्याशिवाय वरच्यानं बटणाला हात लावायचा नाही, मग साहेब येऊन डोक्यावर उभा राहिला तरी. ही शिस्त त्यानं घरात आणली नाही हे आमचं नशीब. पण जंगलात आणली.

शहरापासून दीड तासावर एक राखीव जंगल आहे. आत जाणारी एक गोल वाट, वाटेवर अंतराअंतरावर आकडे रंगवलेले बारा लाकडी खांब, फाटकापासून निघून पुन्हा फाटकाशी. वर्षातून एक रविवार आम्ही तिथे जायचो. मुलगी सहा वर्षांची असताना तिथे वीस मिनिटं हरवली. सापडली तेव्हा एका ओंडक्यावर बसून बिस्किटं खात होती, आणि आमच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्या दिवसापासून नियम झाला. पुढे मी, कारण मी भरभर चालते आणि कुणाचं ऐकत नाही. मध्ये मुलगी. शेवटी तो. प्रत्येकानं खांबाशी आलं की काठीनं एक टोला मारायचा. माझ्यानंतर मागून दोन टोले आले तर मी पुढे जायचं. नाही आले तर थांबायचं. तरीही नाही आले तर मागे फिरायचं.

गेल्या वर्षी तो आठव्या खांबाला पाठ टेकून बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

या वर्षी जायचं की नाही, हा प्रश्नच मी काढला नव्हता. मुलीनं काढला. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. तिच्या टेबलावर सतत कुणाचे ना कुणाचे दात हसत असतात, पण ती स्वतः वर्षभरात हसलेली मला आठवत नव्हती. जेवण निम्म्यावर आलेलं, गळ्याची हाडं वर आलेली. तिला जायचं होतं, म्हणून मी गाडी काढली. तिच्यात थोडी धुगधुगी आली तर त्या जंगलात मी रोज गेले असते.

२

फाटकावरच्या रखवालदारानं आम्हाला ओळखलं. गेल्या वर्षी कंदील घेऊन आत गेलेला तोच होता. त्यानं तिकिटं फाडून दिली, पाचला फाटक बंद होतं म्हणून सांगितलं आणि नजर खिडकीतल्या कागदांकडे वळवली. भला माणूस. अशा वेळी काय बोलायचं हे कुणालाच येत नाही, त्यालाही येत नव्हतं.

सकाळचे साडेदहा झाले होते. ऊन स्वच्छ होतं, वाटेवर वाळकी पानं. मी मुलीला विचारलं, पाण्याची बाटली घेतलीस का. ती नको म्हणाली. वर्षभर ती बाहेर पडताना पाणी घेत नव्हती. लॅबमध्येही घरी येईपर्यंत घोटभर पीत नसे. मी त्यावरून दोनदा भांडले होते, तेव्हा आता नाद सोडला आणि माझीच बाटली भरून घेतली.

पहिल्या खांबाशी मी टोला मारला. नियम पाळायचा असं काही ठरलं नव्हतं. हात आपोआप गेला. चालत राहिले. पन्नासेक पावलांवर मागून मुलीचा टोला आला, कोरडा आणि नेमका. तिचा हात कामानं हलका झालाय, ती काहीही जोरात करत नाही.

मग तिसरा आला.

मी थांबले नाही. थांबायचं कारण नव्हतं. जंगलात सुतारपक्षी असतात, वाळलेल्या फांद्या पडतात, आणि टोला समोरच्या टेकडीवर आपटून परत येतो हे शाळेतलं पोरही सांगेल. मला तो आवाज हवा होता, इतकंच. मनातल्या कागदावर मी बारीक फुली मारली.

दुसऱ्या खांबाशी मी टोला मारून घड्याळाकडे पाहिलं. मुलीचा आला. त्यानंतर छत्तीस सेकंदांनी तिसरा. तिसऱ्या खांबाशी एकतीस. पक्षी असा शिस्तीत खांब धरून येत नाही. प्रतिध्वनी असता तर छत्तीस सेकंद लागले नसते. मागून दुसरं कुणी फिरायला आलं असेल आणि गंमत म्हणून मारत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आणखी एक गोष्ट होती. तो काठीचा आवाज नव्हता. लाकूड लाकडावर आपटलं की त्याला कड असते, टोक असतं. या आवाजाला टोक नव्हतं. काहीतरी भरीव, पातळ कातड्याखालचं, अलगद टेकवल्यासारखा तो वाजत होता.

३

ऐकण्यातला भ्रम पकडायची साधी रीत आहे. आवाज सोडायचाच नाही आणि बटण दाबलं जातं का ते बघायचं.

चौथ्या खांबाशी मी टोला मारलाच नाही. गपचूप पुढे गेले. मागून मुलीचा आला, मग थोड्या वेळानं दुसरा. म्हणजे माझ्या टोल्याचा प्रतिध्वनी नव्हता. मुलगी मागून ओरडली, तू मारला नाहीस का गं. मी म्हटलं, विसरले.

पाचव्याशी मी तिला येऊ दिलं. ती नेहमीपेक्षा हळू येत होती, पुढे झुकून. कपाळावर घाम होता. बॅग जड झालीय म्हणाली. मी तिच्या पाठीवरची बॅग उघडून पाहिली. पावसाळी कोट, पावाचे चार काप, दोन सफरचंदं. लहान पोरालाही उचलता येईल एवढं वजन. शेवटच्या दोन-तीन वर्षांत चढ आला की तिचा बाप त्या बॅगेच्या वरचा बंद मागून धरायचा आणि म्हणायचा, चला इंजिन. ती खरंच ओढायची त्याला. दम त्याला लागायचा आणि लाल ती व्हायची.

मी तिला म्हटलं, या खांबाला तू टोला मारू नकोस. तिनं का म्हणून विचारलं नाही. मी मारला, आणि आम्ही दोघी खांबापासून वीस पावलांवर जाऊन उभ्या राहिलो. ऊन पानांमधून खाली येत होतं. कुठेतरी पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज होता. वाटेवर कुणी नव्हतं. खांब झाडाआड गेला होता, त्याचा फक्त वरचा रंगवलेला तुकडा दिसत होता.

टोला पडला.

मी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिनं नुसते डोळे मिटले, एखाद्याचा निरोप वेळेवर मिळाला की मिटावेत तसे.

"पहिल्या खांबापासून येतायत," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला ऐकू येत नसेल. म्हणून बोलले नाही."

"कोण येतंय?"

"बाबा, आई. आणखी कोण?"

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. कानांविषयी बोलले असणार. दुःखात कान काय काय करतात, माझ्याकडे आलेल्या एका बाईला मेलेल्या सासूचा खोकला कसा ऐकू यायचा, हे सगळं मी तिला चालता चालता सांगितलं. ती हो हो करत राहिली. मी फिरू या म्हटलं, तर ती म्हणाली, ते मागे आहेत, परत फिरलं तर त्यांच्यावरूनच जावं लागेल. तिनं हे अगदी सहज सांगितलं. आम्ही पुढेच गेलो.

४

आठव्या खांबाजवळ एक बाक आहे. तिथपर्यंत येता येता तिसऱ्या टोल्याचं अंतर चार सेकंदांवर आलं होतं. मुलगी मध्ये तीनदा बसली. चोवीस वर्षांची पोर, छातीवर हात धरून, तोंडानं श्वास घेत होती. मला ते बसणं ओळखीचं होतं. जिन्याच्या मधल्या पायरीवर तो असाच बसायचा आणि बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचा.

आठव्याशी मी खांबाकडे पाहायचं टाळलं. पण किती टाळणार? लाकूड खालच्या बाजूला गुळगुळीत झालं होतं, बस. तिथे काही नव्हतं. मी टोला मारला. मुलीनं मारला. मी मोजायला सुरुवात करायच्या आत तिसरा पडला. खांबाभोवती आम्ही दोघीच उभ्या होतो.

मुलगी बाकावर बसली. मी तिच्यापुढे पाणी धरलं, ते तिनं हातानं लांब केलं.

"आई, एक सांगू? रागावू नकोस."

मी म्हटलं, सांग.

"बाबा नवव्यापर्यंत आले होते. तू ऐकलंस ना त्यांचा टोला. मग ते परत आठव्याला का आले?" तिनं बाकावर हात ठेवला. "माझी बाटली इथे राहिली होती. ती त्यांच्या मांडीवर सापडली. माझी बाटली आणायला ते एवढं अंतर उलटं चालले, आणि तेवढ्यानं झालं. मी विसरले नसते तर ते आपल्या मागोमाग आले असते."

हे ती वर्षभर घेऊन फिरत होती. तोंडाला कोरड पडली तरी पाणी न पिता, दुसऱ्यांचे दात घासूनपुसून चकचकीत करत, माझ्या शेजारच्या खोलीत झोपत. आणि मला वाटत होतं, तिला तिच्या बापाची फार आठवण येते.

आता मला माझं सांगितलं पाहिजे.

गेल्या वर्षी त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. त्यानं हृदयाच्या डॉक्टरची वेळ तिसऱ्यांदा चुकवली होती. मी फणफणत पुढे चालत होते. नवव्या खांबाशी मी टोला मारला, मग मुलीनं मारला, आणि तिसरा आला नाही. मी थांबले. दोन मिनिटं, तीन मिनिटं. आभाळ भरून आलं होतं, बूट चावत होता, आणि मनात एकच होतं, की बसला असेल कुठेतरी नाडी बांधत, बसू दे. मुलीच्या कानात गाणं चालू होतं. तिनं एका कानातलं काढून विचारलं, बाबांचा आला का गं? मी म्हटलं, आला, चल.

इथे फुली मारायलाही जागा नाही. मला भ्रम झाला नव्हता. मी काहीही ऐकलं नव्हतं. तो नवव्याला आलाच नव्हता, आठव्याशी आला, बाकावरची लेकीची बाटली उचलली, मागोमाग आणून द्यावी म्हणून, आणि तिथेच खाली बसला. खालच्याचा टोला आला नव्हता आणि मी बटण दाबलं होतं. नंतर सगळ्यांसमोर, डॉक्टरांसमोर, रखवालदारासमोर, मी हेच सांगत राहिले, की टोला ऐकला होता. एकदा म्हटलं ते म्हटलं.

बाकाशी उभी राहून मी तोंड उघडलं. देवाशप्पथ, सांगायलाच उघडलं होतं. तिचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता, लहानपणी ताप आला की वळायचा तसा. घरात आता आम्ही दोघीच उरलो होतो. हे ऐकल्यावर ती माझ्याकडे तसं कधी बघणार नव्हती.

"असलं काही मनात आणू नये," मी म्हटलं. "ऊठ, उशीर होतोय."

तिला उठायला खांबाचा आधार घ्यावा लागला.

५

नवव्या खांबाशी मी टोला मारला आणि हळूहळू चालू लागले. मुलीचा आला, बराच उशिरा. मग काही नाही.

मी उभी राहिले. वारा पडलेला होता. पान पडलं तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि माझे कान चांगले आहेत, मी दर सहा महिन्यांनी ते तपासून घेते. काहीच आलं नाही. माझ्या अंगावर काटा आला, कारण हे बरोबर होतं. गेल्या वर्षी पहिल्यापासून आठव्यापर्यंत त्यानं टोले मारलेच होते. इथे मारला नव्हता.

"आई," मागून मुलीचा आवाज आला. धापा टाकत होती. "माझ्या कानात नुसती धडधड चाललीय. बाबांचा आला का गं?"

नाही म्हटलं असतं तर ती तिथेच बसली असती. त्याची वाट बघत बसली असती, फाटक बंद होईपर्यंत, त्यानंतरही. असं मी आज म्हणते. खरं सांगायचं तर तेव्हा मी कसलाही विचार केला नाही.

"आला," मी म्हटलं. "चल."

दहाव्या खांबानंतर वाट एका घळीला वळसा घालते. आपण घळीच्या पलीकडे गेलो की समोरच्या अंगाला मागची वाट दिसते, दहावा खांबही दिसतो. मध्ये खोल झाडी. मी पलीकडे पोचले आणि वळून पाहत थांबले. मुलगी अजून खांबाशी यायची होती.

ती झाडांतून बाहेर आली. इतकी वाकून चालत होती की तिचा चेहरा दिसत नव्हता. आधी मला वाटलं, बॅग फुगलीय. मग वाटलं, तिनं कोट पाठीवर टाकलाय. मग तिनं काठी उचलून खांबावर टोला मारला, आणि तिच्या पाठीवर जे होतं ते हललं. दोन हात होते, बॅगेच्या बंदाला घट्ट धरलेले. राखाडी स्वेटरच्या बाह्या होत्या. डोकं तिच्या खांद्यांच्या मध्ये खुपसलेलं होतं. ते डोकं हळूच वर झालं, बाजूला वळलं आणि कपाळ खांबाला टेकलं. हात मोकळे नव्हते ना, म्हणून. मग ते डोकं पुन्हा तिच्या पाठीत शिरलं.

टोल्याचा आवाज मला नंतर ऐकू आला. कपाळ टेकलेलं दिसल्यावर अर्ध्या सेकंदानं. समोरची कड तेवढ्याच अंतरावर होती. मनातल्या आवाजाला वाटेत वेळ लागत नाही. मला तेव्हाच कळलं की आता कसल्याच फुल्या मारण्यात अर्थ नाही.

त्याचा चेहरा मी पाहिला नाही. पाहता आला असता का, माहीत नाही. माझी नजरच खाली गेली.

मी मागे पळत सुटले. गेल्या वर्षी पळायला हवं होतं, तशी. दगडांवरून घसरत, फांद्या अंगावर घेत तिच्यापाशी पोचले, तेव्हा ती वाटेच्या मधोमध एकटीच उकिडवी बसली होती. पाठीवर बॅगेशिवाय काही नव्हतं. ओठ निळसर झाले होते. मी तिच्या खांद्यांवरून बॅग काढून घेतली. ती हलकीच होती. पण मुलगी होती तशीच वाकलेली राहिली.

६

उरलेल्या वाटेवर मी तिला धरून चालवलं. पुढे-मागे चालायचा नियम मोडला. अकराव्याशी मी टोला मारला नाही, तिनंही मारला नाही. तरी आम्ही पुढे गेल्यावर मागे अगदी जवळ एक वाजला. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण मधून मधून मान जराशी मागे वळवून पुटपुटायची. आलंच, बाबा. थोडंच राहिलं.

बाराव्या खांबाशी वाट संपते. तिथून गाड्या उभ्या करायची जागा चाळीस पावलं. आमची गाडी दिसत होती. एक जोडपं गाडीच्या टपावर टोपली ठेवून भांडत होतं, टोपलीत चमचे ठेवायला कुणी विसरलं यावरून. रखवालदार खुर्ची आत घेत होता. जगाचं सगळं जागच्या जागी होतं.

मुलगी खांबाच्या बुंध्याशी बसली. पाठ लाकडाला टेकवली.

"आता नाही होत, आई. तू जा. गाडीत बस. मी बाबांना घेऊन येते." ती थांबून थांबून बोलत होती. "माझ्यामुळे राहिलेत ते मागे. मलाच आणलं पाहिजे."

तिचे पाय पसरलेले, हात मांडीत. ती कुणासारखी बसलीय ते कुणी सांगायची गरज नव्हती. मला दिसत होतं. एक वर्ष मी तिचा चेहरा माझ्याकडे राहावा म्हणून गप्प होते, आणि आता तो चेहरा खांबाला टेकून पांढरा पडत होता.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मी ऐकला नव्हता," मी म्हटलं. "गेल्या वर्षी, नवव्याला. तुझ्या बाबांचा टोला आलाच नव्हता. मी खोटं बोलले."

तिनं खांबावरचं डोकं उचललं.

"ते नवव्याला आलेच नाहीत. उलटे कुठेही चालले नाहीत. वाटेत तुझी बाटली दिसली, उचलली. कुठलाही बाप उचलतो. तेवढंच होतं ते. थांबायला हवं होतं मी. मागे फिरायला हवं होतं मी. मला राग आला होता आणि माझा बूट चावत होता."

आणखी काय सांगायचं होतं? त्या दोघांचं टोपलीवरून चाललेलं भांडण ऐकू येत होतं.

"वर्ष झालं, आई," ती म्हणाली. आवाज वाढवला नाही. "पाणी दिसलं तरी मला..."

मग ती उठली. हात न टेकवता, कुणी उठवल्याशिवाय, सरळ. ओठांवर रंग येताना मी पाहिला. तिनं माझ्या हातातून बाटली घेतली, उभ्या उभ्या निम्मी संपवली आणि खाली ठेवली. माझ्याकडे न बघता गाडीकडे चालू लागली. ताठ मानेनं, भरभर, माझ्यासारखी. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तुटलाही. ती मला सोडून चालली होती, आणि चालू शकत होती.

मी उठायला गेले. अर्ध्यावर आले आणि माझ्या पाठीमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, स्वेटर ओढला गेला. आधी एका मुठीत, मग दुसरीत. मागोमाग वजन आलं. ते वजन मला माहीत होतं. एकोणतीस वर्षं पलंगाची ती बाजू त्याच वजनानं दबत होती. मानेखाली कपाळ टेकलं. गार होतं. श्वास नव्हता.

मी ओरडले नाही. कुणाला ओरडणार? मी खांबाला धरून सरळ झाले आणि पहिलं पाऊल टाकलं.

चाळीस पावलं होती. किती वेळ लागला ते सांगता येत नाही. टोपलीवालं जोडपं निघून गेलं. रखवालदारानं माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारायला तोंड उघडलं, मग त्यानं माझ्या पाठीमागे पाहिलं, आणि तो आत जाऊन दार लावून बसला. मी चालत राहिले. छातीत कुणी बुक्की धरून ठेवावी तसं होत होतं. म्हणजे त्याला असं होत होतं तर, आणि मी त्याला नाटकी म्हणायचे.

मुलगी गाडी चालवायच्या जागी बसली होती. इंजिन सुरू केलं होतं. मला वाटलं, ती निघून जाईल. गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. ती समोरच्या काचेतून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं.

शेवटची पाच-सहा पावलं उरली तेव्हा ती खाली उतरली. मला हात द्यायला आली नाही. गाडीला वळसा घालून तिनं मागचं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. मी वाकले, कशीबशी आत शिरले, सरकून खिडकीशी बसले.

तिनं दार लगेच लावलं नाही. माझे पाय आत होते, स्वेटरचं टोक आत होतं, काही अडकत नव्हतं. तरी ती दार धरून थांबली, खाली मान घालून, एका माणसाला बसायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. मग तिनं ते हलक्या हातानं लावलं.